पानशेतच्या पुराचं दालन करतोय, पूरग्रस्त घरांना त्यात खरोखर कसं सामील करायचं?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचत असते, आज सल्ला हवाय म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

नदीकाठच्या पेठांमधले आम्ही काहीजण मिळून पानशेत धरण फुटून १२ जुलै १९६१ ला पुण्यात आलेल्या पुरावर एक छोटं कायमचं दालन करायच्या खटपटीत आहोत. एका जुन्या शाळेचा हॉल मिळालाय, थोडेफार पैसे जमलेत, डिझायनर मुलगा हुशार आहे आणि मनापासून करतोय. पण जसजसं काम पुढे सरकतंय तसतसं माझ्या पोटात गोळा यायला लागलाय, कारण ज्यांच्यावर हे बेतलं त्यांना आम्ही फक्त फोटो आणि वस्तू मागायला भेटतोय, ठरवतोय सगळं आम्हीच.

परवा आराखडा दाखवायला काही ज्येष्ठ मंडळींना बोलावलं होतं. त्यात मधोमध एक अंधारी खोली आहे, चारी भिंतींवर पाणी चढत जातंय, लोंढ्याचा आवाज, माणसांच्या हाका, वगैरे. कॉलेजच्या पोरांना जाम आवडलं. एक काकू मात्र मध्येच उठल्या आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. मी मागे गेले तर म्हणाल्या, "तो आवाज अजून माझ्या कानात आहे गं, तुम्ही परत कशाला लावताय?" आणि त्याच बैठकीत एक आजोबा ठासून म्हणाले की ती खोली ठेवाच, नुसते काळे-पांढरे फोटो बघून नातवंडांना काय कळणार आहे काय झालं होतं ते. दोघांचीही घरं त्या दिवशी गेलेली. आता कुणाचं ऐकायचं?

अजून तीन गोष्टी आहेत. एका घरातून अल्बम मिळालाय, त्यात गाळातून बाहेर काढलेल्या माणसांचे फोटो आहेत, चेहरे ओळखू येतात. ते लावायचे का? ज्यांनी अल्बम दिला त्यांची ती माणसं नाहीत. दुसरं म्हणजे मदत करणाऱ्यांपैकी एकांचं म्हणणं पडलं की धरण का फुटलं, चूक कुणाची, यात शिरू नका, आता जुनी मढी कशाला उकरायची, लोकांनी किती धीर दाखवला तेवढं दाखवा. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त छळतंय, आत्तापर्यंत आमच्याशी बोललेले जवळजवळ सगळे वाड्यांचे मालक किंवा त्यांची पुढची पिढी आहेत. पुलाच्या वाडीतलं, कुंभारवाड्यातलं, भाड्याच्या खोलीत राहणारं फार कुणी नाही.

कुणी असं काम केलं असेल, किंवा तुमच्या घरात या आठवणी असतील, तर प्लीज सांगा. स्पष्ट बोललात तरी चालेल.

---

जुना नारायणपेठकर

ताई, मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो, त्यामुळे जे सांगतो ते त्या उंचीवरून बघितलेलं आहे. सकाळी आम्ही पोरं लकडी पुलाकडे पाणी बघायला पळालो होतो, नदी फुगली की पुण्यात सगळेच बघायला जातात, त्या दिवशीही गर्दी होती, कुणी नीट इशारा दिलाच नव्हता. नंतर मोठ्या माणसांच्या तोंडावरचा रंग बदलला आणि "पळा" एवढंच कळलं. सकाळी पानशेतचं धरण गेलं आणि दुपारी त्याच्या खालचं खडकवासल्याचं गेलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

तुमच्या खोलीबद्दल मला एवढंच वाटतं की सगळेजण पाणी येतानाचं दाखवायला बघतात. पाणी त्याच दिवशी ओसरायला लागलं हो. पुढचे महिने कुणी दाखवत नाही. घरात गुडघाभर गाळ, कुजलेल्या धान्याचा वास, तो वास मी आजही सांगू शकतो. खडकवासल्याची भिंत गेल्यामुळे शहराचं नळाचं पाणीच गेलं, एवढा पूर येऊन गेलेल्या गावात प्यायला पाणी नाही, मग जुन्या वाड्यांच्या विहिरी उपसून साफ केल्या आणि बायका घागरी घेऊन रांगेत. वीज नाही. शाळेच्या वर्गात बिऱ्हाडं. आणि मधेच कुणीतरी "पाणी आलं, पाणी आलं" अशी आवई उठवायचं आणि हातातलं टाकून सगळे पर्वतीच्या दिशेने पळत सुटायचे. माझी आई नंतर कित्येक वर्षं पावसाळ्यात महत्त्वाची कागदपत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवायची. हे दाखवा. याला अंधारी खोली लागत नाही.

आणि कारणाबद्दल माझं मत कडक आहे. धरणाचं काम पुरं व्हायच्या आत त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं, आउटलेटचं, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या मार्गाचं, काम अर्धवट होतं, त्याच्यावरचा मातीचा भराव खचत गेला. लष्कराचे जवान रात्रभर तिथे वाळूची पोती रचत होते, त्यांनी ते काही तास थोपवलं म्हणून लोंढा रात्री झोपेत न येता दिवसा उजेडी आला, नाहीतर आम्ही कुणी राहिलो नसतो. सरकारने चौकशी आयोग नेमला, आधी न्यायमूर्ती बावडेकर, त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक. म्हणजे ही काही कुजबूज नाही, सरकारदरबारी झालेली गोष्ट आहे. जवानांचा धीर दाखवायचा आणि ते तिथे पोती का रचत होते ते दाखवायचं नाही, हे कसं जमणार? कारण गाळायचं असेल तर माझ्या घरातली एक वाटीसुद्धा मी त्या दालनाला देणार नाही.

---

गौरी_ग

मी काही वर्षं संग्रहालयाच्या क्षेत्रात काम केलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्याकडे संग्रहालय म्हटलं की डोळ्यासमोर नातूबागेतलं केळकर संग्रहालय येतं. तिथे दिवे, अडकित्ते, दारं बघून आपण हरखून जातो आणि तो अडकित्ता कुणाच्या पानपुड्यातला होता हे कुणी विचारत नाही, तिथे ते चालतंही. पण पुरातून वाचलेलं घंगाळ काचेत ठेवलं आणि खाली "पितळी घंगाळ, सुमारे १९५०" एवढंच लिहिलं तर त्या घराला ते आपलं वाटणारच नाही. अशा वस्तूखालचा मजकूर ज्याची वस्तू त्याच्या तोंडचा हवा, त्याच्याच शब्दात, तुमच्या लेखकाने घासूनपुसून केलेला नको.

भोपाळला वायुपीडितांचं 'रिमेंबर भोपाळ' नावाचं संग्रहालय आहे, २०१४ ला सुरू झालं. सरकारचे किंवा कंपन्यांचे पैसे घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. तिथे भिंतीवर फोनचे रिसीव्हर आहेत, उचलून कानाला लावला की त्या वस्तूच्या माणसाचा आवाज ऐकू येतो. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की रिसीव्हर उचलायचा की नाही हे बघणाऱ्याच्या हातात आहे. तुमच्या काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे बघा. आवाज हॉलभर घुमायला नको, ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती, वर्णद्वेषी सरकारने १९६६ मध्ये ती गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि ६०,००० वर लोकांना तिथून उठवलं. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये त्याचं संग्रहालय झालं. तिथे जमिनीवर त्या वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरलाय आणि जुने रहिवासी येऊन आपलं घर कुठे होतं तिथे स्वतःच्या हाताने नाव लिहून गेलेत. एक लांबच लांब कापडही आहे, त्यावर लोक येऊन पेनाने काहीबाही लिहितात आणि नंतर त्या अक्षरांवर भरतकाम केलं जातं म्हणजे ते पुसत नाही. तुम्ही शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार आणि पुलाची वाडी यांचा १९६१ चा नकाशा जमिनीवर करा ना. मालक असो, भाडेकरू असो, ओट्यावर झोपणारा हमाल असो, प्रत्येकाला नकाशावर जागा मिळते, कुणाच्या नावावर सातबारा होता हे कुणी विचारत नाही. मला वाटतं तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची सुरुवात इथून होईल.

अंधारी खोली हवी की नको यावर हात वर करून मतदान मात्र घेऊ नका. हिरोशिमाच्या संग्रहालयात भाजलेल्या माणसांचे पुतळे होते, ते काढून तिथे खऱ्या मृतांच्या खऱ्या वस्तूंवर भर द्यायचं ठरलं, तर ते काढू नका म्हणून नागरिकांनी सह्या गोळा केल्या, शेवटी २०१७ मध्ये ते काढले. पुतळे बघून पोरं घाबरतात असं काहींचं म्हणणं, तर खरं दृश्य याहून कितीतरी भयंकर होतं हे काही वाचलेल्यांचंच म्हणणं. म्हणजे तुमच्या काकू आणि आजोबा हा वाद जगात सगळीकडे आहे, आणि तो मिटवायचा प्रयत्न करण्यापेक्षा दोघांना जागा द्या. खोली ठेवायचीच असेल तर मुख्य वाटेवर ठेवू नका, बाजूला ठेवा, दाराशी आत काय आहे ते स्पष्ट लिहा, आणि ती न बघताही दालन पूर्ण बघून होईल अशी रचना करा. किंकाळ्या मात्र काढा, त्या कुणाच्यातरी स्टुडिओत केलेल्या असणार, खऱ्या माणसांच्या मरणावर खोटा आवाज चढवणं मला अजिबात पटत नाही.

मृतांच्या फोटोंचं सोपं आहे, लावू नका. जिथे नातेवाईक सापडलेले नाहीत तिथे तुमच्याकडे परवानगी नाही, संपलं. फोटो नीट जपून ठेवा, अभ्यासकाने मागितले तर बघता येतील, भिंतीवर नकोत.

---

पत्र्याची_चाळ

मी गोखलेनगरचा. आजोबा मंगळवार पेठेत भाड्याने राहायचे, पुरात खोली गेली, मग इकडे आले. आमचे वडील त्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये वाढले, उन्हाळ्यात आत बसवत नसे म्हणतात.

पानशेतचा पूर म्हटलं की सगळे पेठांच्याच गप्पा मारतात पण पुरानंतरचं पुणं कुठे आहे? लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर, ह्या सगळ्या वस्त्यांमध्ये पूरग्रस्तांना आणून बसवलं, सनदी अधिकारी स. गो. बर्वेसाहेबांनी पुनर्वसनाचं काम झपाट्याने केलं त्यांच्या नावाचा चौक शिवाजीनगरला आहे, रोज तिथून हजारो गाड्या जातात, किती जणांना माहितीये ते बर्वे कोण. पूरग्रस्त सोसायट्यांच्या जागेच्या मालकीचा विषय तर परवापरवापर्यंत चालू होता. म्हणजे आमच्यासाठी हा पूर ६१ साली संपला नाही. हे तुमच्या दालनात असणार आहे का?

आणि ताई राग मानू नका, आमच्याकडचं कुणी येत नाही असं तुम्ही म्हणता, पण तुम्ही बैठक कधी ठेवता? कामाच्या दिवशी दुपारी, पेठेतल्या हॉलमध्ये? माझी आत्या ७८ वर्षांची आहे, तिला दोन बस बदलून तिकडे यायला लावू नका, तुम्ही इकडे या. रविवारी सकाळी या, समाजमंदिरात सतरंजी टाकतो, दहा म्हाताऱ्या माणसांना मी गोळा करतो. फॉर्म वगैरे आणू नका पहिल्यांदा. आधी बसा, चहा घ्या, ऐका. एक म्हातारी बोलायला लागली की दुसरी तिला थांबवून सांगते तसं नव्हतं गं असं होतं, त्यातच सगळं निघतं. आणि जो माणूस रोजंदारी बुडवून येणार असेल त्याला त्या दिवसाचे पैसे द्या, ते बजेटमध्ये धरा, डिझायनरला देताच ना.

---

डोंगरवाट

माझं गाव आंबेगाव तालुक्यात. माळीण आमच्यापासून लांब नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, तो नेहमीच्या गावाला गाडी घेऊन गेला तर गावच जागेवर नाही.

नंतर किती लोक आले विचारू नका. कॅमेरेवाले, पुढारी, अभ्यास करणारे. सगळ्यांचा प्रश्न एकच, तुम्हाला तेव्हा काय वाटलं? ज्याची बायकापोरं गेली त्याला हे विचारायचं? एक म्हातारा मला म्हणाला होता की कुणीतरी येऊन विचारावं माझा पोरगा कसा होता, भात कसा लावायचा, कुस्ती कशी खेळायचा, तर मी दिवसभर सांगीन. मुठाकाठताई, तुमच्या मुलाखतींची सुरुवात पुरापासून करू नका. घर कसं होतं, गल्लीत कोण कोण राहायचं, गणपती कुठे बसायचा, तिथून सुरू करा. पुरापर्यंत माणूस आपलाआपण येतो, आणि नाही आला तर नाही आला, ढकलायचं नाही.

अजून एक. पूर म्हणजे फक्त पुणं शहर नाही. धरणासाठी आंबी नदीच्या खोऱ्यातली जमीन पुराच्या आधीच गेलेली होती, त्या माणसांची घरं शहराला पाणी मिळावं म्हणून उठली, आणि धरणाखालच्या गावांवरून तोच लोंढा सगळ्यात आधी गेला. तिकडे कुणी जात नाही. तुमचा नकाशा लकडी पुलापाशी सुरू होऊ नये, पानशेतपासून सुरू व्हावा.

---

विश्राम

सगळ्यांचं पटतंय पण मला एक काळजी वाटते. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याहत्तरीच्या आसपास आलंय. मोठी माणसं, ज्यांनी निर्णय घेतले, दुकानं परत उभी केली, ती बहुतेक गेलीत. अशात प्रत्येक पाटीवर प्रत्येक घराची संमती, आराखड्याच्या बैठका, पुन्हा बैठका, असं करत बसलात तर दालन उघडेल तेव्हा उद्घाटनाला एकही पूरग्रस्त नसेल. लोकांना सामील करून घ्या, पण शेवटी दोन-तीन जाणत्या माणसांनी ठरवून टाकावं लागतं. सगळ्यांच्या मनासारखं कुठलंच काम होत नाही.

---

गौरी_ग

विश्राम, घाईचं कारण एकदम बरोबर आहे पण त्यावरचा उपाय उलटा आहे. घाई रेकॉर्डिंगची करा, दालनाची नको. आवाज आज घ्या, चांगल्या रेकॉर्डरवर, पंखा बंद करून, आणि पाट्या दोन वर्षांनी लिहा, भिंती कुठे पळून जात नाहीत. आणि दोन-तीन जाणत्या माणसांनी ठरवलं की ती जाणती माणसं नेहमी वाड्यांचीच निघतात, मुठाकाठ यांची तक्रार तीच तर आहे.

प्रत्येक पाटीला प्रत्येकाची संमती लागत नाही. ज्याची गोष्ट त्याची संमती. आणि सामाईक मजकूर, म्हणजे धरण का फुटलं, किती माणसं गेली, तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा, छापायच्या आधी. कागद घरी पाठवून "वाचून कळवा" असं करू नका, अर्ध्या लोकांना चष्म्यानेही वाचवत नाही आणि उरलेल्यांना सही मागितली की धास्ती वाटते. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, तर तसंच लिहा. सरकारी आकडा हा, लोक हे म्हणतात, आणि नोंद का राहिली नसेल तेही लिहा. भाड्याने राहणाऱ्या, कामासाठी पुण्यात आलेल्या माणसाची नोंद करायला कोण होतं तेव्हा?

---

मुठाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल आमच्या ग्रुपमध्ये हा धागा वाचून दाखवला, बरीच वादावादी झाली, पण काही गोष्टी पक्क्या झाल्या त्या सांगते.

कारणाचा भाग राहणार, आयोगासकट. ज्यांना ते नको होतं त्यांना तसं स्पष्ट कळवलंय, त्यामुळे त्यांचे पैसे येणार नाहीत, छपाईचं बजेट कमी पडेल, पडू दे. मृतांचे फोटो लावणार नाही. किंकाळ्या काढल्या. अंधारी खोली बाजूला जाईल की पूर्ण रद्द होईल हे अजून ठरलं नाही, ते ठरवायला आता एक वेगळी समिती करतोय, त्यात निम्म्याहून जास्त माणसं पूरग्रस्त घरांमधली असतील आणि त्यांनी एखाद्या गोष्टीला नको म्हटलं तर ती होणार नाही. डिझायनरला आधी वाईट वाटलं, साहजिक आहे, पण जमिनीवरच्या नकाशाची कल्पना ऐकून तोच कामाला लागलाय, १९६१ च्या आसपासचे जुने सिटी सर्व्हेचे नकाशे कुठे मिळतील ते शोधतोय.

पत्र्याची_चाळ, येत्या रविवारी आम्ही तिघी येतो, रेकॉर्डर आणणार नाही पहिल्यांदा. तुमच्या आत्यांना चालणार असेल तर आधी त्यांच्याकडेच येऊ. आणि हो, वसाहतींचा भाग दालनात असणार, पण तो आम्ही लिहिणार नाही, तुमच्याकडच्याच कुणीतरी लिहावा अशी इच्छा आहे. डोंगरवाट, पानशेतकडच्या गावांमध्ये ओळखीचं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

एक विचारायचं राहिलं. वस्तू आणि फोटो दिलेले लोक म्हणतात ठेवा तुमच्याकडेच कायमचे, पण मला ते घ्यायची भीती वाटते.

---

गौरी_ग

घेऊ नका. फोटो त्यांच्या घरी जाऊन स्कॅन करा आणि मूळ प्रत तिथेच परत द्या, जाताना अॅसिड-फ्री कागदाची पाकिटं द्या, प्लास्टिकच्या अल्बममध्ये पुण्याच्या पावसाळ्यात फोटो चिकटून बसतात. वस्तू घेतल्याच तर ठरावीक मुदतीच्या उसन्या घ्या, दोन-तीन वर्षांनी परत विचारा, ठेवायची का. कागदावर साध्या मराठीत लिहा की मागितली की आठ दिवसांत परत मिळेल, आणि घरातलं हे कुणाला सांगून ठेवलंय त्यांचंही नाव घ्या, कारण देणारा माणूस उद्या नसला तर नातवंडांशी वाद होतात. रेकॉर्डिंगचंही तेच, एक कॉपी त्यांच्या घरी द्यायची, पेनड्राइव्हवर, शक्यतो ऐकवून.

---

पत्र्याची_चाळ

रविवारी नऊला या. आत्याला सांगितलं, ती म्हणाली साडी कुठली नेसू. समाजमंदिराची किल्ली शनिवारी संध्याकाळी घेऊन ठेवतो. जुन्या हटमधला पत्र्याचा एक तुकडा शेजारच्या काकांनी अजून गच्चीवर ठेवलाय पाणी अडवायला, तो देतील का विचारतो, पण त्यांना बदली पत्रा घालून द्यावा लागेल.